जुनं हाऊसिंग विका, पण पावतीसकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात जुन्या गाड्यांच्या रॅलीची पानभर बातमी आली, फोटो मस्त होते, चकचकीत बंपर, नवा रंग, फेटे बांधलेली मंडळी, आणि वाचून खरंच बरं वाटलं की जुनी गाडी सांभाळणाऱ्या लोकांबद्दल कुणीतरी लिहितंय. पण एक गोष्ट बातमीत आलीच नाही आणि आम्हाला तीच सगळ्यात जास्त छळते, ती म्हणजे या गाड्यांचे पार्ट येतात कुठून. रंग कुठेही मिळतो, सीट कुठलाही कुशनवाला शिवून देतो, पण मागचं हाऊसिंग गेलं तर माणसाने जायचं कुठे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मागच्या अख्ख्या एक्सलला गॅरेजात हाऊसिंगच म्हणतात. मधला गोळा म्हणजे डिफरन्शियल, जे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, त्यात क्राऊन आणि पिनियन ही मोठी-लहान दातेरी चाकं, दोन्ही बाजूच्या नळ्या, नळ्यांत शाफ्ट, टोकाला हब, ज्यावर चाक बसतं, आणि ब्रेकचे ड्रम. इंजिन बंद पडलं तर गाडी फक्त थांबते, मागचा एक्सल तुटला तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्याकडे १९६८ची महिंद्राची जीप आहे, सीजे-३बी, पेट्रोल, ती उंच बॉनेटवाली. वडिलांनी १९८६ला सरकारी लिलावात घेतली होती, कोयनेच्या बाजूला धरणाच्या कामावर फिरलेली. तिच्यावर आमचं सगळं झालं, बाजाराला कांद्याची पोती, बहिणीची वरात, आजीला दवाखान्यात नेणं, सगळं. वडील २०१५ला गेले. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून दुसरं काही मागितलं नाही, जीप विकू नको एवढंच म्हणाले, म्हणून ही गाडी माझ्यासाठी रॅलीत मिरवायची वस्तू नाहीये.

२०२२च्या जुलैत चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात चढाला मागून टक्क असा आवाज आला, इंजिन नुसतं भणभणायला लागलं आणि गाडीला ओढच नाही. शेजारी आई बसलेली, वय ७४, बाहेर धो धो पाऊस आणि धुकं. मी हँडब्रेक ओढला तर गाडी मागे सरकायला लागली. हे असं का झालं ते मला नंतर मिस्त्रीकाकांनी समजावलं आणि प्रत्येक जुन्या जीपवाल्याला हे माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) मागे प्रोपेलर शाफ्टवर (तिथून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा) असतो, म्हणजे तो शाफ्ट धरून ठेवतो आणि शाफ्ट चाकं धरतो. पण एका बाजूचा एक्सल शाफ्ट तुटला किंवा हबची चावी (हब आणि शाफ्ट एकत्र धरणारा लोखंडाचा छोटा तुकडा) कापली गेली की डिफरन्शियल मोकळं फिरतं आणि प्रोपेलर कितीही घट्ट धरला तरी दुसरं चाक थांबत नाही. पायाचा ब्रेक शाबूत होता म्हणून आम्ही वाचलो. मी पेडलवर पाय दाबून बसलो, भाच्याने उतरून चाकाला दगड लावले, आणि ट्रकवाल्यांनी टोचन करून वर आणलं.

खोलून बघितलं तर डाव्या हबची चावी कापलेली. या एक्सलला शाफ्टचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब घट्ट चढतो, मधे एक चावी आणि बाहेरून मोठा नट. तो नट कधीतरी कुणीतरी नीट आवळला नव्हता, मग हब शाफ्टवर किंचित किंचित हलत राहिला, निमुळता भाग खाल्ला गेला, चावीची खाच रुंद झाली आणि शेवटी घाटात सगळा भार त्या एवढ्याशा चावीवर आला. आणखी वाईट म्हणजे शाफ्ट बदलून भागणार नव्हतं. डावी नळी वाकलेली होती, आणि तिच्यावर जुनं वेल्डिंग निघालं, रंगाखाली झाकलेलं. काका एसटीच्या वर्कशॉपात ३० वर्षं काम केलेले, त्यांनी नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "तुझ्या बापाच्या आधीची जखम आहे ही. आता अख्खं हाऊसिंगच बघ."

मग शोध सुरू झाला. कोल्हापूरला उद्यमनगरात दोन चकरा, पुण्याला नाना पेठ, जुन्या बाजारात एकदा रविवारी आणि एकदा बुधवारी, कुर्ल्याला एकदा. प्रत्येक ठिकाणी मिळतं तेच, नंतर आलेल्या मॉडेलचं, नाहीतर नुसती नळी, नाहीतर "पुढच्या महिन्यात या". शेवटी एका भंगारवाल्याकडे (गाव आणि नाव लिहीत नाही, मला भांडण करायचं नाहीये) अख्खं हाऊसिंग दिसलं, ड्रमसकट. मी विचारलं, सीजे-३बीचं आहे का, तो म्हणाला, हो साहेब, तेच. १८,००० रुपये रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, जुन्या मालाची कसली पावती. मी गप्प बसलो. तेव्हा बसायला नको होतं.

काकांनी बसवायला घेतलं आणि दोन दिवसांत गाडी उभी राहिली. रस्त्यावर छान चालली, उलट जरा जास्तच पळते असं वाटलं, आणि चढाला थोडी कमी ओढते. आठ दिवसांनी शेताच्या चिखलात फोर व्हील टाकली तेव्हाही काही वाटलं नाही, पण तशीच डांबरीवर आणली आणि गाडी अडखळायला लागली, मागची चाकं चीं चीं घासायला लागली आणि फोर व्हीलचा लिव्हर निघेचना, अक्षरशः अडकून बसला. रिव्हर्स टाकून जरा मागे घेतली तेव्हा ठक्कन सुटला. काका ओरडले, "अरे, दाते मोजले होतेस का तू?"

नव्हते मोजले. आमच्या जीपचा रेशो ५.३८, म्हणजे क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. आणलेलं हाऊसिंग निघालं ४.८८चं, ३९ आणि ८. बाहेरून हुबेहूब सारखं, तोच गोळा, मागच्या कव्हरला तेच दहा बोल्ट. पुढचा एक्सल ५.३८ आणि मागचा ४.८८ म्हणजे फोर व्हीलमध्ये मागची चाकं पुढच्यांपेक्षा साधारण १० टक्के जास्त फिरायला बघतात, चिखलात घसरून निभावतं, डांबरीवर तो सगळा ताण ट्रान्सफर केसच्या दात्यांवर येतो. आणि स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून निघते, म्हणून काटा ४० दाखवायचा तेव्हा गाडी प्रत्यक्षात ४४ला असायची. मी तो माल परत घेऊन गेलो तर भंगारवाला म्हणाला, हे मी दिलेलंच नाही. आता त्याला काय दाखवणार, हातात एक चिठोरं पण नव्हतं.

म्हणून जे कुणी जुनं हाऊसिंग घ्यायला निघालेत त्यांना मनापासून सांगतो, पैसे खिशातून काढायच्या आधी रेशो बघा. मागचं कव्हर उघडता आलं तर उत्तमच, क्राऊनच्या कडेला दात्यांचे आकडे ठोकलेले असतात, पुसट झाले असतील तर दाते मोजा, खडूने एका दात्याला खूण करून. कव्हर उघडू देत नसेल तर हाऊसिंग घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, एक ड्रम कुणालातरी धरायला लावा, दुसऱ्या ड्रमला आणि पिनियनच्या फ्लँजला (प्रोपेलर शाफ्ट जोडतात ती चकती) खडूची रेघ मारा आणि मोकळा ड्रम बरोब्बर दोन फेरे फिरवा. दोनच, कारण एक बाजू धरलेली असली की डिफरन्शियल निम्मंच फिरतं. फ्लँज पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी जास्त फिरली तर ५.३८, पाच फेऱ्यांना जराशी कमी पडली तर ४.८८. फरक फक्त अर्ध्या फेऱ्याचा आहे, म्हणून घाईत मोजू नका, तीनदा मोजा.

मग मधला गोळा कुठल्या बाजूला आहे ते बघा. या जुन्या जीपांचा गोळा मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो, म्हणून डावा शाफ्ट लांब आणि उजवा आखूड. ड्रम ९ इंची आहेत का बघा. पाट्याच्या (मागच्या स्प्रिंगच्या) बैठका बघा, त्या कुणी कापून पुन्हा वेल्ड केल्या असतील तर पिनियनचा कोन बदलतो आणि मग प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस कितीही नवे टाका, ठराविक स्पीडला गाडी थरथरतच राहते. हबचा नट काढून निमुळत्या भागावर नख फिरवा, खाचा लागल्या तर सोडून द्या. आणि तेल. कव्हरच्या तळाला जे तेल राहिलेलं असतं ते दोन बोटांत घेऊन उन्हात धरा, नुसतं काळं असेल तर चालेल, चांदीसारखी कणी चमकली तर बेअरिंग नाहीतर दाते झिजलेत, दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय. काका तर वास पण घेतात, जळका वास आला की बघतच नाहीत पुढे.

दुसरं हाऊसिंग मिळायला सात महिने गेले. मिळालं ते पाटण तालुक्यात एका शेतकरी कुटुंबाकडे, त्यांची जीप गोठ्यामागे १५-१६ वर्षं पडलेली, बॉडी पार सडलेली, झाडं उगवलेली. त्या घरातल्या आजोबांनी १२,००० सांगितले आणि एक पैसा कमी केला नाही, पण काय केलं त्यांनी, आरसी बुकाची झेरॉक्स काढून आणली, वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं की अमुक नंबरच्या गाडीचं मागचं हाऊसिंग अमुक तारखेला अमुक माणसाला दिलं, चेसिस नंबर घातला आणि सही केली. मला म्हणाले, "वाटेत कुणी अडवलं तर दाखवा." टेंपोत घालून आणताना नाक्यावर खरंच अडवलं, हवालदारांनी ते पान वाचलं आणि दोन मिनिटांत सोडलं. आधीच्या वेळेला मी असाच विनाकागद माल घेऊन आलो होतो, तेव्हा अडवलं असतं तर मी काय सांगणार होतो? आरसीवर चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, हाऊसिंगची कुठेच नोंद नसते, म्हणजे चोरीचं काय आणि सरळ मार्गाचं काय, बघून काहीच कळत नाही.

बसवायचं काम काकांनी यावेळी अजिबात घाईने केलं नाही. आधी नळ्या सरळ आहेत का ते कोल्हापूरला लेथवर लावून बघितलं. बेअरिंग आणि ऑइल सील सगळे नवे. क्राऊनच्या दात्यांना निळा रंग लावून फिरवून ठसा कुठे पडतो ते बघितला, ठसा दात्याच्या मधोमध आला तेव्हाच पुढे गेले, आणि प्ले, म्हणजे दात्यांमधला मोकळेपणा, डायलवर मोजला, सात थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जुना हब काढताना जे झालं ते मी विसरणार नाही. नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे ठेवायचे, मग पुलर लावून ताणायचा आणि वाट बघायची. पुलर ताणून आम्ही चहा प्यायला बसलो, दहा मिनिटं काहीच नाही, आणि मग बंदुकीसारखा धाड आवाज होऊन हब सुटला, नट ठेवला नसता तर थेट कुणाच्या तरी पायावर आला असता. बरेच पोरं शाफ्टच्या टोकावर घणाने ठोकतात, तो ठोका आत दोन शाफ्टच्या मधल्या ठोकळ्यापर्यंत जातो आणि डिफरन्शियलची वाट लागते. मी हे तीन गॅरेजात बघितलंय. कृपा करून पुलर वापरा, नसेल तर भाड्याने आणा.

पाट्यांचे सेंटर बोल्ट बैठकीच्या भोकात बसले का ते काकांनी बोटाने चाचपून बघितलं, यू बोल्ट आधी हलके आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर पूर्ण आवळले. ब्रेकची नवी लाईन, व्हील सिलिंडर नवे, सगळी हवा काढली. डाव्या चाकाचे नट उलट्या आट्याचे आहेत हे पोरगं विसरलं आणि पान्यावर उभं राहून उलटं ताणायला लागलं, काकांनी वेळेत थांबवलं, बोल्टवर एलचं अक्षर असतं ते दाखवलं. तेल ९० नंबरचं हायपॉइड, सव्वा लिटरच्या आत मावतं, जास्त भरायचं नाही, ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं भोक) साफ नसेल तर तेच तेल सील फोडून ब्रेकच्या लायनरवर येतं. ५०० किलोमीटरनंतर हबचे नट आणि यू बोल्ट पुन्हा आवळले, आणि हबचा नट जवळजवळ पाव फेरा आत गेला. हेच जुन्या वेळी कुणी केलं नव्हतं.

संपादक साहेब, हे एवढं सगळं लिहायचं कारण असं की पूर्वी असे पार्ट मिळायचे ते सरकारी लिलावांमुळे. खात्याच्या जीपा लिलावात निघायच्या, कुणी चालवायला घ्यायचं, कुणी पार्टसाठी घ्यायचं. १ एप्रिल २०२३ पासून, संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या सोडल्या तर, १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यूच होत नाही, त्या स्क्रॅप सेंटरला जातात. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून काढायला माझा काही विरोध नाही, काढायलाच पाहिजेत. पण हाऊसिंग काय धूर सोडतं? गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पाटे, स्टिअरिंगचा बॉक्स, यातलं काय हवा खराब करतं? मी एका सेंटरवर जाऊन विचारलं, तिथल्या माणसाने चांगल्या शब्दात सांगितलं की आम्ही वजनावर काम करतो, एक-एक पार्ट खोलून ठेवायला जागा नाही आणि माणूस पण नाही. म्हणजे ओतीव लोखंडाचा चांगला गोळा, ज्याला आमच्यासारखा माणूस सात महिने शोधतोय, तो किलोच्या भावाने भट्टीत जाणार.

आणि दुसऱ्या बाजूला सरकारच म्हणतंय जुन्या गाड्या जपा. जुलै २०२१ला व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिला व्हीए सिरीजचा वेगळा नंबर, नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि पुढे नूतनीकरणाला ५,०००. आमची जीप त्यात बसते. आता मूळ रूप टिकवायचं तर मूळ पार्ट लागणार, आणि मूळ पार्ट तर दुसरीकडे वितळवले जातायत. याची सांगड कुणीतरी घालायला नको का? परिवहन खात्याने एवढं करावं की तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गाडी सेंटरला आली तर दाबायच्या आधी पंधरा दिवस तिचे हाऊसिंगसारखे भाग विकायला उघडे ठेवावेत, ज्या गाडीतून काढले तिचा नंबर आणि रेशो लिहून, पावती देऊन. जुन्या पार्टच्या दुकानदारांनाही तेच सांगणं आहे. तुमच्यातले बहुतेक जण प्रामाणिक आहेत, कोल्हापूरला एका दुकानदाराने तर मला स्वतःहून सांगितलं की हे तुमच्या गाडीचं नाही, घेऊ नका, आणि चहा पाजून पाठवलं. अशा माणसाला पावती लिहायला काय अडचण आहे? आणि जो लिहीत नाही त्याच्याकडून आपण घेऊ नये, कितीही नड असली तरी. मी नडीत घेतलं आणि १८,००० घालवले.

ते ४.८८चं हाऊसिंग अजून आमच्या शेडमध्ये आहे, तेल भरून, फ्लँजला ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. आतले दाते चांगले आहेत, नळ्या सरळ आहेत, लेथवर लावून बघितल्यात. ज्याच्या जीपचा पुढचा एक्सल ४.८८चा आहे अशा कुणाला हवं असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. येताना पुढचे दाते मोजून या. कव्हर मी उघडून दाखवीन, आणि मला ते कसं मिळालं ते जसंच्या तसं पावतीवर लिहून देईन, त्याचा कागद माझ्याकडे नाही हे सुद्धा.

आपला,
एक जुना वाचक, कराड, जि. सातारा